गेले आणि गेलेत

पहाटेचे सहा वाजले असतील. आमच्याकडे तेव्हा काळा, डायल फिरवायचा फोन होता. तो अवेळी वाजला की घरातल्या सगळ्यांच्या पोटात एकदमच गोळा यायचा. आईने धावत जाऊन रिसीव्हर उचलला. पलीकडे मावशी होती.

"अगं, हे गेले."

आई मटकन स्टुलावर बसली. "कधी गं अक्का?"

"आत्ताच. साडेपाचला."

"पण परवा तर बोलले माझ्याशी! काही त्रास होत होता का?"

"त्रास कसला? रात्री दोन भाकऱ्या खाल्ल्या. पहाटे उठले, आंघोळ केली, देवाला नमस्कार केला आणि गेले."

"सोबत कोणी नव्हतं?"

"कोण जाणार गं त्यांच्यासोबत? एकटेच गेले."

"जाताना काही बोलले?"

"बोलले ना. दळण आणून ठेव म्हणाले."

आईच्या डोळ्यांना धार लागली. शेवटच्या क्षणीही माणसाचा जीव पिठाच्या डब्यात अडकावा, याने तिला अधिकच भडभडून आलं. तेवढ्यात बाबांनी तिच्या हातातून रिसीव्हर घेतला आणि एकच प्रश्न विचारला, "अक्का, भाऊसाहेब गेले की गेलेत?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग, "इश्श! गेलेत हो, गेलेत. पंढरपूरला. पहिल्या एसटीने. उद्या यायचेत परत."

बाबा रेल्वेत बुकिंग क्लार्क होते. गाडीच्या आणि माणसाच्या जाण्यायेण्याबद्दल बोलताना ढिलाई चालत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. "एक 'त' खाल्ला आणि माणूस खाल्ला," एवढंच म्हणून ते दाढीला बसले. भाऊसाहेब त्यानंतर एकोणीस वर्षं जगले. मावशीचं बोलणं मात्र शेवटपर्यंत तसंच राहिलं.

आता इतक्या वर्षांनी वाटतं, की इंग्रजीतला प्रेझेंट परफेक्ट टेन्स मला खऱ्या अर्थाने त्या पहाटे शिकवला गेला. 'गेलेत' म्हणजे 'गेले आहेत'. जाणं होऊन गेलंय, पण 'आहेत' म्हणून मागे एक दोरी ठेवलीय. ती ओढली की माणूस परत येतो. 'गेले'ला दोरी नाही.

शाळेत तो मला असा कोणी शिकवला नव्हता. आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, तोवर आमची डोकी घट्ट होऊन गेली होती. मास्तर फळ्यावर बारा खणांचा तक्ता काढत. आडवे खण काळांचे, उभे खण साधा, चालू, पूर्ण आणि चालू-पूर्ण यांचे. पहिल्या ओळीतल्या तिसऱ्या खणात 'पूर्ण वर्तमानकाळ' असे शब्द होते. मी एकदा हात वर करून विचारलं होतं, की सर, पूर्ण झालं तर ते वर्तमान कसं आणि वर्तमान असेल तर पूर्ण कसं? मास्तरांनी खडू खाली ठेवला, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "खाली बस. पेपरात दोन मार्कांना येतो." या उत्तराने वर्गातल्या बाकीच्यांचं पूर्ण समाधान झालं.

मग क्रियापदांची तीन रूपं. ती आम्ही पाढ्यांच्या चालीवर म्हणायचो. गो वेंट गॉन, सी सॉ सीन, ईट एट ईटन. आमची सगळ्यात लाडकी म्हणजे कट कट कट, पुट पुट पुट आणि शट शट शट. असली सज्जन क्रियापदं इंग्रजीत अजून का नाहीत, याची हळहळ वाटायची. पहिलं रूप कळायचं. दुसरं कळायचं. तिसरं कशासाठी आहे ते मात्र कळत नसे. ते एकटं कधी बाहेर पडायचं नाही. कधी 'हॅव'चं बोट धरून, कधी 'बी'चं. 'आय गॉन' म्हटलं की छडी. मास्तरांनी एक गुरुकिल्ली दिली होती: मराठी वाक्यात ला, ली, ले यांच्या पुढे 'आहे' आलं, की डोळे मिटून 'हॅव' घालायचा आणि तिसरं रूप लावायचं. मी जेवलो आहे, आय हॅव ईटन. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेल्या घरांत ही किल्ली पिढ्यान्‌पिढ्या कमरेला लटकत आलीय. बरीच दारं तिने उघडतात. जी उघडत नाहीत, त्यांत माझी बोटं चेमटलीत.

पहिल्यांदा चेमटली ती नोकरीत. आठवडाभर गावी जाऊन आलो होतो. घाईत रजेचा अर्ज द्यायचा राहिला होता, म्हणून परत आल्यावर खुलासा लिहिला. किल्लीबरहुकूम लिहिला, 'आय हॅव गॉन टू माय नेटिव्ह प्लेस'. साहेब इंग्रजीचे भोक्ते. त्यांनी मला आत बोलावलं, कागद वाचला, मान वर करून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागद वाचला.

"तुम्ही गावी गेला आहात," ते म्हणाले.

"हो सर."

"मग माझ्यासमोर हे कोण उभं आहे?"

मी मागे वळून पाहिलं. खरंच पाहिलं. कोणी नव्हतं.

"जो गॉन झाला तो इथे नसतो," साहेब म्हणाले. "जाऊन परत आला, तर 'बीन'. आय हॅव बीन टू माय नेटिव्ह प्लेस. आणि तुम्हाला गेल्या आठवड्यातलंच सांगायचंय ना? मग तेही नको. साधं 'वेंट' लिहा आणि जा."

'बीन' म्हणजे आम्हाला तोवर गारुड्याची. घरी येऊन बाबांना हा प्रसंग सांगितला, तेव्हा ते खूश झाले. "बरोबर आहे तुझ्या साहेबाचं. 'गॉन' म्हणजे एकेरी तिकीट. 'बीन' म्हणजे रिटर्न, दोन्ही बाजू वापरून झालेलं." व्याकरणाच्या कुठल्याही पुस्तकात इतक्या कमी शब्दांत हे सांगितलेलं मी अजून वाचलेलं नाही.

त्यानंतर मला या काळाचा नादच लागला. मुळात हा 'हॅव' इथे आलाच कशाला? हॅव म्हणजे जवळ असणं, मालकीचं असणं. मराठीत या क्रियापदाची जागाच रिकामी आहे. माझ्याकडे पैसे आहेत, मला ताप आहे, माझं गावाकडे घर आहे, त्याच्याजवळ काडेपेटी आहे, तिच्यात धमक आहे. पैसे, ताप, घर, काडेपेटी आणि धमक या प्रत्येकासाठी आपण वेगळी व्यवस्था करतो, आणि मी कशाचाच मालक नसतो. ती वस्तू तिच्या जागी 'आहे', मी आपला तिच्या आसपास कुठेतरी. इंग्रज पाचही ठिकाणी 'हॅव' लावतो आणि पाचही वस्तू खिशात घालतो.

जुन्या इंग्रजीत म्हणे हे वाक्य 'आय हॅव द लेटर रिटन' अशा घडणीचं असे. अर्थ अगदी रोकडा: माझ्यापाशी पत्र आहे, लिहिलेल्या अवस्थेत. हळूहळू 'रिटन' सरकत 'हॅव'शेजारी येऊन बसलं, पत्र मागे पडलं आणि मालकीचा काळ झाला. म्हणजे इंग्रज जेवतो, आणि ते जेवण झाल्यावरही त्याच्या नावावर राहतं. आय हॅव ईटन. जाण्यायेण्याच्या क्रियापदांना मात्र पूर्वी तिथेही 'हॅव' लागत नसे, 'बी' लागे. आय ॲम कम, म्हणजे थेट आपलं 'मी आलो आहे'. फ्रेंच आणि जर्मन लोक आजही येताजाताना 'असणे' वापरतात. इंग्रजांनी पुढे तिथेही 'हॅव' आणला आणि 'ही इज गॉन' एवढीच एक खूण मागे राहिली. मास्तरांनी हे तेव्हा सांगितलं असतं, तर त्या तिसऱ्या खणाकडे मी जरा प्रेमाने पाहिलं असतं.

आपल्याकडचा मामला तर त्याहून मजेदार. मी आंबा खाल्ला आहे. मी कैरी खाल्ली आहे. मी आंबे खाल्ले आहेत. खाणारा तोच, पण क्रियापद त्याच्याकडे ढुंकून बघत नाही, ते आंब्याचं ऐकतं. कैरी बाई आहे म्हणून खाल्ली, आंबे पुष्कळ आहेत म्हणून खाल्ले. खाणाऱ्याला वाक्यात जेमतेम उभं राहायला जागा. 'आय हॅव ईटन' म्हणणाऱ्या माणसाचा ताठा आपल्यात का येत नाही, याचं थोडं कारण यात असावं असा माझा जुना संशय आहे. भाषाशास्त्राच्या लोकांना तो मान्य होणार नाही, तेव्हा त्यांच्यासमोर मी तो बोलत नाही.

आणि मग आलोच 'आलोच'वर.

नळ दुरुस्त करणाऱ्याला फोन करा. "आलोच साहेब," तो म्हणतो. येणं अजून व्हायचंय, कदाचित उद्या व्हायचंय, पण क्रियापद भूतकाळात जाऊन बसलंसुद्धा. वर 'च' लावून त्यावर शिक्का मारलेला. "निघालोय" म्हणतो तेव्हा तो अंथरुणात असतो आणि "पोचलोच" म्हणतो तेव्हा निघालेला असतो, हे आपल्याला माहीत असतं आणि आपल्याला माहीत आहे हे त्यालाही. यात फसवणूक अशी कोणाचीच होत नाही. बसमध्ये कंडक्टर "स्वारगेट आलं, स्वारगेट आलं" ओरडतो तेव्हा स्वारगेट दोन सिग्नल पुढे असतं. "पाऊस आला, कपडे काढा" असं गच्चीवरून ऐकू येतं तेव्हा नुसतं आभाळ भरलेलं असतं. आणि 'मेलो!' प्रथमपुरुषी, एकवचनी, भूतकाळी हे वाक्य खरं असताना कोणालाच म्हणता येणार नाही. आपण ते दिवसातून चारदा म्हणतो. करंगळी टेबलाच्या पायाला लागली तरी म्हणतो.

माझा एक इंग्रजी-मराठी बाणा असलेला मित्र याला आपल्या लोकांचा वेळेबद्दलचा बेफिकीरपणा म्हणतो. मी त्याला पाणिनीकडे पाठवतो. अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायात एकापाठोपाठ एक अशी दोन सूत्रं आहेत. पहिलं सांगतं, की एखादी गोष्ट आत्ताच्या अगदी जवळची असेल, मग ती नुकतीच झालेली असो वा लगेच होणार असो, तिच्यासाठी वर्तमानकाळ वापरायला हरकत नाही. दारात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला विचारा, "कधी आलास?" तो म्हणतो, "हा काय, आत्ताच येतोय." आलेला आहे, समोर दिसतोय, पायातली चप्पल काढतोय, तरी 'येतोय'. आणि आपण निरोप घेताना 'येतो' म्हणतो, तेही या सूत्राच्या सावलीत बसवता येईल. दुसरं सूत्र त्याहून प्रेमळ आहे. मनात आशा असेल, तर व्हायच्या गोष्टीसाठी भूतकाळ चालेल, असं ते म्हणतं. टीकाकारांनी त्याखाली उदाहरण दिलंय ते विद्यार्थ्यांचं: गुरुजी आले, की व्याकरण आम्ही शिकलोच म्हणून समजा! नळवाल्याचं 'आलोच' आणि त्या विद्यार्थ्यांचं 'शिकलोच' यांत मला तरी काही फरक दिसत नाही. दोघांनाही आशा आहे.

आपल्या जुन्या व्याकरणकारांनाही याची जाण होती, असं त्यांनी दिलेल्या नावांवरून वाटतं. क्रियापदाच्या रूपांना त्यांनी ताख्यात, लाख्यात, वाख्यात अशी प्रत्ययावरून नावं दिली. स्पर्धा परीक्षेची पोरं ती पाठ करताना व्याकरणकारांच्या नावाने बोटं मोडतात. पण बघा, 'आलो' हे लाख्यात, कारण त्यात 'ल' आहे. बस्स. ते भूतात आहे की भविष्यात, ते बोलणाऱ्याला आणि नळवाल्याला माहीत.

संस्कृतातल्या व्याकरणाची मजा एवढ्यावर संपत नाही, म्हणून जरा आडवळण घेतो. तिथे भूतकाळ तीन. आजचा, आजच्या आधीचा, आणि जो बोलणाऱ्याने स्वतः पाहिलेला नाही असा. या तिसऱ्याला लिट् म्हणतात आणि युरोपीय पंडितांनी त्याचं नाव 'परफेक्ट' असंच ठेवलं. आता स्वतःची गोष्ट स्वतः पाहिली नाही असं कसं होईल? तर महाभाष्य-परंपरेत त्याचीही सोय आहे: माणूस झोपेत बरळला असेल किंवा प्यायलेला असेल, तर प्रथमपुरुषातही हा काळ चालतो. वैयाकरण लोक रुक्ष असतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे वाचावं. तिथेच त्या शाकटायनाची गोष्ट आहे, जो रस्त्याच्या कडेला बसला होता आणि समोरून गाड्यांचा अख्खा तांडा गेला तरी त्याला पत्ता लागला नाही. तोही व्याकरणकारच होता.

तर मूळ रस्त्यावर. इंग्रजीच्या या काळाचा सगळ्यात मोठा हट्ट म्हणजे त्याला तारीख खपत नाही. 'आय हॅव सीन हिम येस्टरडे' म्हटलंत की चूक. 'येस्टरडे' आलं, 'लास्ट वीक' आलं, १९८४ आलं, की दारातूनच सांगतात, पलीकडच्या खोलीत जा, भूतकाळात. 'धिस मॉर्निंग' चालतं, पण तेही सकाळ आहे तोवर. अकरा वाजता तुम्ही 'आय हॅव हॅड टी धिस मॉर्निंग' म्हणू शकता. दुपारी तीनला म्हणू शकत नाही, तेव्हा 'हॅड' म्हणावं लागतं. सकाळ संपताच इंग्रजाचा चहा त्याच्या खिशातून काढून घेतला जातो. आमच्या घरात चहाला भूतकाळ नाही, त्यामुळे हा नियम मला समजायला जरा वेळ लागला. अमेरिकन लोक म्हणे याबाबतीत मोकळे आहेत. 'हॅव यू ईटन यट'च्या जागी 'डिड यू ईट यट' विचारून ते सरळ पानावर बसतात.

मराठीला कालचं वावडं नाही. "मी त्याला काल पैसे दिलेत" हे शुद्ध मराठी आहे आणि त्यात सबंध व्यवहार आहे. 'दिले' म्हणजे दिले, विषय संपला, दानधर्म समजा. 'दिलेत' म्हणजे लक्षात ठेवा, मागणार आहे. उधारीचा काळ आहे हा. वाण्याच्या वहीत प्रत्येक रकमेच्या मागे एक न लिहिलेलं 'आहे' असतं.

'कधीच'चं काय करायचं, हे मात्र मी अजून कुठल्याही इंग्रजी येणाऱ्याला समजावू शकलेलो नाही. "जेवलास का?" "कधीच!" म्हणजे केव्हाचाच जेवलो. "कधी मासे खाल्लेस का?" "कधीच!" म्हणजे जन्मात नाही. एकाच शब्दात ऑलरेडी आणि नेव्हर शेजारी राहतात, आणि आपण नुसत्या सुरावरून कोणाचं दार वाजवायचं ते ओळखतो.

हे सगळं पुन्हा वर आलं ते गेल्या वर्षी. माझी भाची इंग्लंडात रेडिंगला असते. तिची मुलगी नऊ वर्षांची. तिला शाळेत घराण्याविषयी काहीतरी लिहून न्यायचं होतं, आणि पणजोबा रेल्वेत होते हे कळल्यावर तिने तेच निवडलं. मजकूर पुरवायचं काम माझ्याकडे आलं. मी पेन घेऊन बसलो. बुकिंग ऑफिसची जाळीची खिडकी. पुठ्ठ्याची छोटी तिकिटं. तारीख मारायचं ते लोखंडी यंत्र, ज्यात तिकीट सरकवलं की खट् आवाज व्हायचा आणि कडेला त्या दिवसाची तारीख उमटायची. लहानपणी मला वाटायचं, तारीख बाबाच ठरवतात. सकाळी ते यंत्रातले आकडे बदलतात आणि मग सगळ्या गावात नवा दिवस लागतो. हे सगळं मी होईल तितक्या चांगल्या इंग्रजीत लिहिलं आणि सुरुवातीला वाक्य घातलं, 'माय फादर हॅज वर्क्ड इन द रेल्वेज फॉर थर्टी-टू इयर्स'.

रात्री व्हिडिओ कॉल आला. पोरगी कागद समोर धरून बसली होती.

"आजोबा, पणजोबा अजून जॉबला जातात?"

"नाही गं बाळा. ते गेले."

"कुठे?"

तिचं मराठी घरात शिकलेलं, स्वच्छ आणि सरळ. त्यात 'गेले'ला एकच अर्थ होता. पडद्यावर मागे तिची आई दिसत होती, तिने कपाळाला हात लावला.

"म्हणजे... ते आता नाहीत."

"ओह. डेड," ती म्हणाली. मुलं म्हणतात तशी, नुसती माहिती म्हणून. "मग 'हॅज' नको, आजोबा. 'हॅज' काढून टाका. नुसतं 'वर्क्ड'."

"का बरं?"

"कारण 'हॅज वर्क्ड' म्हणजे ते अजून करतायत असं वाटतं. प्रेझेंट परफेक्ट. आम्हाला इयर थ्रीमध्येच झालं."

तिचं खरं होतं. इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात हा काळ तिसऱ्या इयत्तेलाच लावलेला आहे, सात-आठ वर्षांच्या पोरांना. आणि तिथे उदाहरण कोणतं दिलंय, तर मुलगा बाहेर खेळायला गेला आणि मुलगा बाहेर खेळायला गेलाय, या दोन वाक्यांतला फरक. म्हणजे मावशीचा फोन!

नंतर मी जरा वाचलं. नोम चॉम्स्कींनी या बाबतीत आइन्स्टाइनचं उदाहरण दिलं होतं. 'आइन्स्टाइन हॅज व्हिजिटेड प्रिन्स्टन' हे वाक्य कानाला खटकतं, कारण आइन्स्टाइन हयात नाहीत. तेच वाक्य उलटवून प्रिन्स्टनला कर्ता केलं, प्रिन्स्टनला आइन्स्टाइनची भेट घडलेली आहे अशा वळणाचं, की खटकत नाही, कारण प्रिन्स्टन जागेवर आहे. आइन्स्टाइन १९३३ पासून १९५५ मध्ये जाईपर्यंत तिथेच राहिले, बावीस वर्षं. पण मरणाबरोबर त्यांच्या वाक्यातला 'हॅज' काढून घेतला गेला. मालकच उरला नाही, तर मालकी कोणाची, असा रोकडा हिशेब. तर्काला धरून आहे. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

फक्त एवढंच, की आपल्याकडे ज्ञानोबांनी सांगितलंय. तुकोबांनी म्हटलंय. आगरकरांनी लिहून ठेवलंय. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी गेलेल्या माणसांना आपण बिनदिक्कत 'आहे' लावतो आणि कोणाला काही खटकत नाही. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण लिहिलंय, असं आत्ता मी लिहिलं, तर तारीख आणि 'आहे' दोन्ही एकाच वाक्यात नांदतात आणि दादोबाही हरकत घेत नाहीत.

आणि 'लिहून ठेवलंय'मधलं 'ठेवलंय' बघा. करून ठेवलंय, सांगून ठेवलंय, बांधून ठेवलंय. हॅव नाही म्हणून आपण अडून बसलो नाही. माणूस काम करतो आणि ते कुठेतरी ठेवतो, फडताळात, माळ्यावर, दुसऱ्याच्या कानात. स्वतःपाशी ठेवायलाच हवं असं नाही. जुन्या इंग्रजाचं ते 'माझ्यापाशी पत्र आहे, लिहिलेल्या अवस्थेत' मराठीत आणायला मला कोणी सांगितलं, तर मी 'पत्र लिहून ठेवलंय' असंच आणीन.

पोरीच्या कागदावर 'वर्क्ड' गेलं. बाईंनी शाबासकी दिली म्हणे.

पावसाळ्यात मी गावच्या घरी होतो. आई तिथेच असते, ऐंशी उलटलीय. संध्याकाळी मोठा गडगडाट झाला आणि आमच्याच घरातले दिवे गेले. शेजारी लख्ख उजेड. घर जुनं, मीटरशेजारी अजून चिनी मातीचे फ्यूज आहेत. मी मोबाइलच्या उजेडात स्क्रू-ड्रायव्हर शोधत होतो, तेवढ्यात आतून अंधारातून आई म्हणाली, "मीटरच्या पेटीवर हात घाल. ह्यांनी फ्यूजची तार गुंडाळून ठेवलीय."

बाबांना जाऊन सहा वर्षं झालीत.

फोनखालचं ते जुनं स्टूल ओढलं आणि वर चढून हात घातला. धूळ, एक पालीचं अंडं, आणि मग बोटाला ते लागलं. पुठ्ठ्याचं रेल्वेचं तिकीट आणि त्याला घट्ट, ओळीत, एकावर एक न चढता दिलेले तांब्याच्या तारेचे वेढे. उजेडात धरून बघितलं. कुठून कुठपर्यंतचं तिकीट होतं कळेना. तारीख वेढ्यांखाली झाकली होती.

"मिळाली का रे?" आईने विचारलं.

"मिळालीय," मी म्हणालो. "आलोच."